प्रभागाची हद्द बदलली आणि आमची सोसायटी नाल्यापलीकडच्या प्रभागात गेली, निवडणुकीत याने नक्की काय फरक पडतो?

नाल्याकाठची:

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय पण ज्यांना यातलं कळतं त्यांनी वाचून प्लीज सांगा. आमच्या महापालिकेची २०२५ ची प्रारूप प्रभाग रचना जाहीर झाली (शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही, सगळे ओळखीचे आहेत). काल हाफ डे टाकून क्षेत्रीय कार्यालयात नकाशा बघायला गेले. भिंतीला चिकटवलाय, समोर ही गर्दी, जो तो बोटाने आपली गल्ली शोधतोय आणि सापडली की मोबाईलवर फोटो काढून बाजूला होतोय. मला आमची सोसायटी सापडायला पंधरा मिनिटं लागली, कारण मी ती जुन्याच प्रभागात शोधत होते.

झालंय असं की हद्दीची लाल रेघ नाल्यावरून येते, चांगली दीडेक किलोमीटर नाल्यानाल्याने येते आणि बरोबर आमच्यापाशी नाला सोडते, आमच्या कंपाउंडच्या मागच्या भिंतीवरून वळसा घेते आणि पुढच्या गल्लीच्या टोकाला परत नाल्यात उतरते. म्हणजे आम्ही ४१२ फ्लॅटवाले राहणार नाल्याच्या अलीकडे आणि मत देणार पलीकडच्या प्रभागात. पलीकडे जायला इथे पूल नाही, हायवेपर्यंत जाऊन फिरून यावं लागतं. आमचं पाणी गावठाणातल्या टाकीवरून येतं, ड्रेनेज गावठाणाच्या लाईनला जोडलंय, कचऱ्याची गाडी तिकडची, मुलांची बालवाडी तिकडे. २०१७ ला आम्ही गावठाणाच्याच प्रभागात होतो.

आता गेली तीन-साडेतीन वर्षं नगरसेवकच नाहीत, प्रशासक आहे, त्यामुळे पाण्यासाठी आम्ही बायकांनीच अर्ज केले, वॉर्ड ऑफिसात जाऊन बसलो, गावठाणातल्या बायका पण आमच्याबरोबर आल्या, आणि त्यातून आमच्यातल्या एका मैत्रिणीने या वेळी उभं राहायचं ठरवलं होतं. तिला गावठाणात दोनशे घरं नावानिशी ओळखतात. नाल्यापलीकडे तिला कोणी ओळखत नाही. काल तिला फोन केला तर ती काही बोललीच नाही बराच वेळ.

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर अर्धे लोक म्हणतायत काय फरक पडतो, कुणीतरी निवडून येणारच. मला ते पटत नाहीये पण नीट मांडताही येत नाहीये. एका रेघेने निवडणूक बदलते का खरंच? आणि हरकत घेतली तर कोणी ऐकतं का? मुदत संपायला पाच दिवस राहिलेत.

—

पेठकर:

ताई, फरक पडतो, आणि तुम्ही फक्त रेघ बघू नका, प्रभाग केवढा झालाय ते पण बघा. आमच्या पुण्यात २००२ ला तीन सदस्यांचा प्रभाग होता, २००७ ला एकेरी वॉर्ड, २०१२ ला दोनाचा, २०१७ ला चारचा. मग आघाडी सरकार आलं तेव्हा तीनचा ठरला, ५८ प्रभाग आणि १७३ नगरसेवक असा आराखडा झाला, सरकार बदललं आणि परत चारवर आलो. २०२५ च्या प्रारूपात ४१ प्रभाग आणि १६५ नगरसेवक, त्यात ४० प्रभाग चारचे आणि एक पाचचा. म्हणजे २००२ पासून २०१७ पर्यंत सलग दोन निवडणुका एका पद्धतीने झाल्याच नाहीत. दर वेळी ज्याचं राज्य त्याला सोयीचं ते, आणि यात कुठलाच पक्ष मागे नाही हे मी कुणाचा राग म्हणून नाही, बघितलंय म्हणून सांगतोय.

चारच्या प्रभागात पुण्यात सरासरी साधारण ८४ हजार लोकसंख्या येते, तीही २०११ ची. एवढ्या लोकांपर्यंत एकटा माणूस पायी पोचू शकत नाही, त्याला गाड्या लागतात, पोरं लागतात, ऑफिस लागतं, आणि मुख्य म्हणजे बाकीच्या तीन जागांवर उभे राहणारे लागतात. मतदाराला अ ब क ड अशी चार मतं द्यायची असतात, त्यामुळे लोक चिन्ह धरून चारही बटणं दाबतात. तुमच्या मैत्रिणीसारखी जी कामातून ओळखलेली बाई असते तिला एकेरी वॉर्डात चान्स असतो, चारच्यात तिला पॅनेलच लागतं. माझ्या आईने २००७ ला जिला मत दिलं होतं ती आमच्या वाड्याच्या मागे राहायची, नळाला पाणी नसलं की आई खिडकीतून हाक मारायची तिला. आता चारपैकी कुणाला सांगायचं हे मलाच कळत नाही, एक म्हणतो ते काम त्यांच्याकडे, दुसरा म्हणतो बजेट त्यांनी टाकलंय.

तरी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो, चारच्या प्रभागात निम्म्या जागा महिलांच्या म्हणून दोन बायका प्रत्येक प्रभागात येतातच, एकेरीत ते सोडतीवर असतं.

—

रिटायर्ड गुरुजी:

मी प्राथमिक शिक्षक होतो, २०११ च्या जनगणनेत प्रगणक म्हणून काम केलंय म्हणून हे लिहितो, कारण तुमच्या प्रश्नाची खरी मेख तिथे आहे असं मला वाटतं.

तुमची सोसायटी कधीची? २०११ नंतरची असेल तर प्रभाग रचनेच्या कागदावर तिथे माणसंच नाहीत. नीट समजून घ्या. प्रभाग बनतो प्रगणक गट जोडून जोडून. प्रगणक गट म्हणजे एका प्रगणकाला मोजायला दिलेला तुकडा, साधारण सहा-सातशे लोकवस्तीचा. आम्ही आधी त्याचा नजरी नकाशा हाताने काढायचो, इथे विहीर, इथे मारुतीचं देऊळ, इथून ओढा, आणि मग ९ ते २८ फेब्रुवारीत घरोघर फिरून मोजणी. माझ्या गटाचा निम्मा भाग उसाचा होता. फेब्रुवारीत तोड चालू होती, फडात टोळ्या उतरल्या होत्या, २८ च्या रात्री बेघर आणि पालावरच्या लोकांची मोजणी असते ती पण केली. आज त्याच फडाच्या जागी बारा-बारा मजल्यांच्या सहा बिल्डिंगा आहेत. २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे आजही प्रभाग करताना त्या जागेची लोकसंख्या मी त्या वेळी लिहिली तेवढीच धरतात.

आता नियम असा की प्रभागाची लोकसंख्या सरासरीच्या १० टक्के कमी-जास्त चालते, त्यापलीकडे नाही. जुन्या वस्तीचा एखादा गट इकडचा तिकडे केला की आकडा हलतो, मग दुसरा गट आणून भरावा लागतो, हे हललं की ते हलतं. पण नव्या सोसायटीचा तुकडा कुठेही टाका, २०११ च्या आकड्यात काही फरक पडत नाही, कारण कागदावर तिथे ऊस आहे. आणि मतदान यादीत मात्र तिथे सातआठशे मतदार आहेत. म्हणजे गणित न बिघडवता मतं हलवायची असतील तर तुमच्यासारख्या सोसायट्याच सगळ्यात सोप्या. हे कुणी मुद्दाम केलं असं माझं म्हणणं नाही, तुमच्या इथे काय झालं ते मला माहीत नाही. पण असं करता येतं हे शंभर टक्के.

आणि यामुळेच शहराच्या कडेचे प्रभाग आणि मधले प्रभाग कागदावर सारखे दिसतात, प्रत्यक्षात कडेच्या प्रभागात मतदार कितीतरी जास्त असतात. तिथल्या माणसाच्या मताचं वजन तेवढं कमी. नवी जनगणना २०२७ ची जाहीर झालीय, ही निवडणूक तिच्या आधीच होणार.

—

गल्ली नं. ३:

मी थोडं वेगळं म्हणतो. वारं असलं की रेघा बिघा सगळ्या पुसल्या जातात. लोक पक्षाला मत देतात, मोठ्या नेत्याच्या सभेला बघून देतात, सोसायटी नाल्याच्या अलीकडे का पलीकडे याने काही होत नाही. दर निवडणुकीआधी हरलेले लोक आधीच ओरडून ठेवतात की प्रभाग फोडला. आमच्याकडे एकाने असंच ओरडून ओरडून हैराण केलं होतं आणि निवडून तोच आला.

—

गिरगावकर मुलगी:

@गल्ली नं. ३ दादा, वारं असतं तेव्हा असतं, पण वारं नसतं तिथे काय? २०१७ ला मुंबईत आमच्या भागातल्या २२० नंबरच्या वॉर्डात शिवसेना आणि भाजपच्या उमेदवारांना अगदी समसमान मतं पडली होती. परत मोजली तरी सारखीच. शेवटी चिठ्ठी काढली आणि चिठ्ठीत भाजपचा उमेदवार निवडून आला. आमच्या घरी टीव्हीवर ते बघत होतो तेव्हा बाबा एकच वाक्य बोलले, एक चाळ इकडची तिकडे असती तर चिठ्ठी लागली नसती. आणि त्या वेळी अख्ख्या मुंबईत शिवसेना ८४ आणि भाजप ८२ अशी अटीतटी होती, म्हणजे एकेका वॉर्डाची किंमत होती.

मुंबईत प्रभाग एकेरीच आहेत, २२७. आघाडी सरकारने ते वाढवून २३६ केले होते, २०२२ ला सरकार बदलल्यावर कायदा करून परत २२७ वर आणले. नुसते ९ वॉर्ड वाढले असं ऐकायला वाटतं पण ९ नवे वॉर्ड घुसवायचे तर आजूबाजूच्या किती वॉर्डांच्या हद्दी सरकतात विचार करा. आमच्याकडे सोडतीचा पण धसका असतो, एकेरी वॉर्ड महिला किंवा ओबीसी राखीव निघाला की पाच वर्षं काम केलेला माणूस एका दिवसात बाहेर, मग तो शेजारचा वॉर्ड शोधतो नाहीतर बायकोला उभं करतो. नाल्याकाठची ताई, तुमच्या मैत्रिणीला हे सांगा की महापालिकेच्या यादीत कुठेही नाव असेल तर उमेदवार दुसऱ्या प्रभागातून पण उभा राहू शकतो. मत मात्र तिला स्वतःला देता येणार नाही आणि तुम्हा ४१२ घरांना पण तिला देता येणार नाही, त्रास तोच आहे.

—

जगबुडीकाठ:

मी खेडचा, रत्नागिरी जिल्ह्यातला (पुण्याचं खेड नाही). रेघेने काय होतं ते आमच्या तालुक्याला विचारा.

२००८ ला लोकसभा-विधानसभेची पुनर्रचना लागू झाली, २००१ च्या जनगणनेवर. राज्यात आमदार २८८ च राहिले, खासदार ४८ च, पण आतल्या आत सगळं हललं. मुंबई शहराच्या १७ जागा होत्या त्या १० झाल्या, उपनगराच्या १७ च्या २६ झाल्या, ठाणे जिल्हा १३ वरून २४ वर गेला. लोक जिथे राहायला गेले तिथे जागा गेल्या, हिशोबाने बरोबरच आहे. पण ज्या जागा वाढल्या त्या कुठून तरी कमी झाल्या ना, त्यात आमचा खेड मतदारसंघ नकाशावरून गेला आणि संगमेश्वर पण गेला. ते लोक तिकडे गेले म्हणजे कोण? आमचेच. माझे दोन काका नालासोपाऱ्यात, आतेभाऊ दिव्याला. घरं बंद पडली आणि मतदारसंघ पण बंद पडला.

तालुका फोडून अर्धा दापोलीला जोडला, अर्धा गुहागरला. रामदास कदम १९९० पासून खेडचे आमदार, तेव्हा विधानसभेत विरोधी पक्षनेते. मतदारसंघच राहिला नाही म्हणून २००९ ला ते गुहागरला उभे राहिले. गुहागर म्हणजे भाजपच्या नातूंची जागा, युतीत ती शिवसेनेला गेली म्हणून विनय नातू अपक्ष उभे राहिले, मतं फुटली आणि राष्ट्रवादीचे भास्कर जाधव निवडून आले. विरोधी पक्षनेता पडला आणि बाकी काहीही कारणं सांगा, सुरुवात कुठून झाली तर एका नकाशातून. तेव्हा मी अठरा वर्षांचा, पहिलं मत. ज्यांची नावं लहानपणापासून ऐकली त्यातलं कुणीच मशीनवर नव्हतं.

लोकसभेला पण बघा, पंढरपूर राखीव होता तो गेला, सोलापूर राखीव झाला, माढा नवीन आला आणि २००९ ला तिथून स्वतः शरद पवार लढले. पंढरपूरचे खासदार रामदास आठवले शिर्डीला गेले आणि पडले. कराड, इचलकरंजी, राजापूर ही नावं लोकसभेच्या यादीतून गेली. आमच्या आजोबांना शेवटपर्यंत रत्नागिरी-सिंधुदुर्ग म्हणता आलं नाही, ते राजापूरच म्हणायचे.

—

हरकत नोंदवा:

उशिरा आलो, पण कामाचं लिहितो. माझी तीन वेळा सुनावणी झालीय, एकदा ऐकलं, दोनदा नाही.

आधी हे कोण करतं ते. आयुक्त आराखडा करून पाठवतात, तो नगरविकास खात्यातून राज्य निवडणूक आयोगाकडे जातो, अंतिम मान्यता आयोगाची. २०२२ ला कायदा बदलून प्रभाग रचनेचा अधिकार राज्य सरकारने स्वतःकडे घेतलाय. कोर्टात जाऊ म्हणाल तर राज्यघटनेतलं २४३ झेडजी कलम आडवं येतं, प्रभागाच्या हद्दींना कोर्टात आव्हान देता येत नाही असं त्यात आहे. म्हणून जे काय करायचं ते आत्ता, हरकतीतच. नंतर कुणी दार उघडणार नाही.

अर्जात “आमच्यावर अन्याय झाला” असं लिहू नका, मी पहिल्यांदा तेच लिहिलं होतं, दोन पानं. अधिकाऱ्याने वाचलं पण नाही. आयोगाच्या सूचनांमधे लिहिलंय की हद्द नदी, नाला, मोठा रस्ता, रेल्वे अशी ठळक असावी आणि लोकांचं दळणवळण बघून असावी. तुमची केस त्यात अगदी फिट बसते. लिहा की अमुक क्रमांकाच्या प्रभागाची हद्द नाल्याने येत असताना या ठिकाणापासून या ठिकाणापर्यंत नाला सोडला आहे, तो कायम ठेवावा, आणि तेवढा तुकडा नकाशावर हायलायटर मारून जोडा. पूल नाही याचा फोटो लावा. आणि गुरुजींनी सांगितलं ते सगळ्यात महत्त्वाचं, प्रगणक गटाचा नंबर शोधून त्याची २०११ ची लोकसंख्या लिहा आणि दाखवा की तो परत घेतला तरी दोन्ही प्रभाग १० टक्क्यांच्या आत राहतात. अधिकाऱ्याला नाही म्हणायला लोकसंख्येचंच कारण सापडतं, ते तुम्ही आधीच काढून टाका. ज्या गोष्टीमुळे तुम्हाला हलवणं सोपं होतं त्याच गोष्टीमुळे परत आणणं पण सोपं आहे.

अजून एक बघा, तिथे जवळपास मागासवर्गीय वस्ती आहे का आणि ती मधून कापली गेलीय का. अनुसूचित जातीची राखीव जागा ज्या प्रभागांत त्या लोकसंख्येचं प्रमाण जास्त तिथे क्रमाने पडते. वस्ती दोन भागांत गेली की दोन्हीकडचं प्रमाण खाली येतं आणि जागा तिसरीकडे निघून जाते. वस्त्या फोडू नयेत असं सूचनांमधे स्पष्ट आहे. माझी जी एक हरकत मान्य झाली ती हीच होती. त्या वस्तीतल्या आजी सुनावणीला आल्या होत्या, त्यांनी एवढंच सांगितलं की आमच्या वस्तीच्या मधे जी गल्ली तुम्ही हद्द धरलीय ती सहा फुटाची आहे, तिथे आमचं वाळवण असतं.

आणि हे सगळं झाल्यावर मतदार यादी. विधानसभेची यादी प्रभागाप्रमाणे तोडतात, ती तोडताना अख्खी बिल्डिंग भलत्याच प्रभागात जाते. हद्द बरोबर झाली तरी यादी बघायला विसरू नका, प्रारूप यादी आली की पहिल्या दिवशी बघा.

—

गल्ली नं. ३:

प्रगणक गटाचं मला माहीत नव्हतं. आमच्या इथे पण मागच्या बाजूला दोन नवीन टॉवर आहेत ते या वेळी वेगळ्या प्रभागात दाखवलेत, मला वाटलं चुकून झालं असेल. उद्या जाऊन नकाशा परत बघतो. वाऱ्याबद्दल मात्र माझं मत तेच आहे.

—

नाल्याकाठची:

सगळ्यांचे खूप खूप आभार, काल रात्री दोन वाजेपर्यंत बसून परत परत वाचलं.

गुरुजी, आमची सोसायटी २०१५ ची. आधी इथे खरंच शेत होतं, ऊस नाही, ज्वारी आणि कडेला बाभळी, असं गावठाणातल्या काकू सांगतात. आज सकाळी महापालिकेत जाऊन प्रगणक गटांची यादी बघितली. आमच्या गटाची २०११ ची लोकसंख्या २३ आहे. तेवीस! ते बहुतेक शेतावर राहणारं एक कुटुंब आणि विहिरीजवळची दोन घरं. आमच्या सोसायटीत आज मतदारच साडेसातशेच्या वर आहेत. ग्रुपवर तो कागद टाकला, कालपर्यंत काय फरक पडतो म्हणणाऱ्यांपैकी चौघांनी स्वतःहून विचारलं की सही कुठे करायची.

हरकत लिहून झाली, तुम्ही सांगितलं तशी एकाच पानात. नाल्याचा तेवढा तुकडा पिवळा केलाय, पूल नसल्याचे तीन फोटो, २३ चा आकडा ठळक. गावठाणातल्या बायकांनी स्वतंत्र अर्ज केलाय की ही सोसायटी आमच्याच प्रभागात पाहिजे, ते वाचून मला भरून आलं. दोन्ही अर्जांची पोच शिक्क्यासकट घेतली. मैत्रीण स्वतः आली होती, अर्जावर पहिली सही तिची.

सुनावणीची तारीख अजून कळली नाही. एकच विचारायचंय, सुनावणीला बोलायला किती वेळ देतात आणि मोठा नकाशा आपण आपला छापून नेला तर चालतो का?

—

हरकत नोंदवा:

चालतो, न्याच. वेळ दोन-तीन मिनिटं मिळाली तरी खूप, गर्दी असते. आधी नाला बोला, मग २३, मग पूल. फोटो हातात देऊ नका, टेबलावर नकाशाच्या शेजारी ठेवा. आणि त्या गावठाणातल्या काकूंना नक्की घेऊन जा, ज्यांना तिथलं शेत आठवतंय त्यांना.